पाटावरची चावी

सदरा वर करायचा, पोट आत ओढायचं, करदोड्याला बांधलेली चावी चाचपून बाहेर काढायची आणि हे करताना समोर उभ्या असलेल्या सगळ्यांकडे उकिरड्याकडे बघावं तसं बघायचं. कारखान्यातला मामांचा दिवस असा सुरू व्हायचा. रोज सकाळी आठ वाजता एका पन्नाशीच्या माणसाचं उघडं पोट बघायची आम्हाला सवयच झाली होती. चावी मशीनला लावायच्या आधी ते एकच प्रश्न विचारायचे.

"चष्मं कुठं हायत?"

आणि कुणाचा चष्मा डोळ्यांऐवजी वर सरकवलेला दिसला की संपलंच. "कपाळाला डोळं फुटल्यात व्हय रं? शी! किळस येती मला तुमची."

त्यांचं नाव मी सांगणार नाही. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. मी त्या कारखान्यात कारकून होतो. हजेरी, पत्रव्यवहार, स्टोअरची वही, सगळं माझ्याकडे. माझं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे जिथे काही लिहायचं असेल तिथे मला हाक यायची. त्या चांगल्या अक्षराची मला आता शिसारी येते. का, तेच सांगायला बसलो आहे.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेव्हा लेथ होते, ओतकामाच्या भट्ट्या होत्या, दारोदार वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. पण लेसर हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. आमच्या मालकांनी इंजिनाचे बारीक भाग जोडायला परदेशातून लेसरचं एक मशीन आणलं. त्याच्यासाठी शेडच्या कोपऱ्यात पत्र्याची बंद खोली बांधली. मशीन बसवायला आलेल्या इंजिनियरनं आठ दिवस शिकवलं. बाकीचे मधूनमधून चहाला जाऊन येत होते, मामा एकटे जागचे हलले नाहीत. जाताना इंजिनियरनं चावी त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी त्याच दिवशी करदोड्याला बांधली.

मामा मूळचे वेल्डर. तरुणपणी डाव्या डोळ्यात पोलादाची कपची गेली होती. "डाव्यानं उजेड कळतो, माणूस कळत न्हाय," असं ते सहज सांगायचे, एखाद्यानं आपला एक दात पडलाय सांगावं तसं. त्यांचं सगळं जग उजव्या डोळ्यावर चाललेलं होतं. कोडोलीहून पहिल्या एसटीनं येणं, काम, रात्री बायकोला पोथी वाचून दाखवणं, सगळं त्या एका डोळ्यावर. डोळ्यांच्या बाबतीत हा माणूस इतका कडवट का, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

नव्या माणसाला ते खोलीच्या दारात थांबवून सांगायचे, "वेल्डिंगची आर्क दिसती, म्हणून माणूस आपसूक डोळं झाकतो. ह्यो उजेड दिसतच न्हाय. आत कवा गेला ते कळत न्हाय, दुखत न्हाय, आन् गेला की मागारी देत न्हाय. कळलं का पावणं?" पावणा मान हलवायचा आणि पाचव्या मिनिटाला चष्मा कपाळावर सरकवायचा.

मशीनबरोबर हिरवट काचांचे तीन खास चष्मे आले होते. या तीन चष्म्यांचं आमच्या लोकांनी जे केलं ते आठवलं की हसू यायच्या आधी तोंड कडू होतं. एक चष्मा मॅनेजरसाहेबांनी मोटरसायकलवर धूळ लागू नये म्हणून नेला, तो रंकाळ्याच्या फेऱ्या मारत राहिला, परत आलाच नाही. मॅनेजरसाहेब म्हणजे मालकांचे मेहुणे, त्यांना विचारणार कोण? दुसरा आठ दिवस सापडेना. शेवटी मामा कँटीनमध्ये गेले, तर तिथला आचारी तो घालून कांदा चिरत बसला होता. काचेवर बेसन, दांडीला कांद्याची साल.

"लई बेस हाय मामा," आचारी म्हणाला. "डोळ्यातनं टिपूस न्हाय."

मामांनी तो चष्मा दोन बोटांत धरून, हात लांब ठेवून, मेलेला उंदीर न्यावा तसा नळापर्यंत नेला. त्यानंतर महिनाभर ते कँटीनमध्ये जेवले नाहीत. तिसरा चष्मा मात्र कुणाच्या बापाला मिळाला नसता. तो बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून त्यांच्या जेवणाच्या डब्यात, भाकरीच्या वरच्या खणात असायचा.

खोलीत चकचकीत काही चालायचं नाही. अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, सगळं दारात काढून ठेवायचं. तो न दिसणारा उजेड चकचकीत वस्तूवर आदळला की आरशावरचं ऊन उडतं तसा कुठेही उडतो, हे त्यांनी नीट समजून घेतलं होतं. भिंतींना काळा रंग दिला, स्टुलाच्या पायांना दिला, आणि एकदा मॅनेजरसाहेब आत विसरून गेलेल्या स्टीलच्या पेल्यालाही दिला. साहेब दुपारी त्यातून पाणी प्यायले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या ओठाला काळी मिशी होती आणि अख्खा कारखाना खाली मान घालून काम करत होता. साहेबांनी ते मनात ठेवलं. तसली माणसं असलं काही विसरत नाहीत.

आणि कवायत. चहाची घंटा झाली की मामा अचानक शेडच्या मधोमध उभं राहून ओरडायचे, "डोळं मिटा! भित्तीकडं तोंड!" सगळ्यांनी हातातलं टाकून भिंतीकडे वळायचं, डोळे घट्ट मिटायचे आणि ते "उघडा" म्हणेपर्यंत हलायचं नाही. कधी चुकून खोलीचं दार उघडं असताना मशीन सुरू राहिलं तर वेळ राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक वैतागायचे. कुणी भिंतीकडे तोंड करून तोबरा थुंकायचा, कुणी मागच्याला चिमटा काढायचा.

"ह्ये पिचकारी कुणाची?" मामा भिंत बघून विचारायचे. "घरात आईच्या फोटुखाली थुकतासा काय रं? शी!"

पण वर्षभरात एक झालं. ती हाक आली की आमची अंगं आपोआप वळायची आणि डोळे मिटायचे. थट्टा करता करता आम्ही शिकलो होतो.

मशीन आल्यानंतरची ती पहिली खंडेनवमी. आमच्याकडे खंडेनवमीला कारखाना म्हणजे देऊळच असतं. लेथ धुऊन पुसून चकचकीत होतात, झेंडूच्या माळा चढतात, हातोडी-पान्यापासून फूटपट्टीपर्यंत सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. आणि एकदा पूजेला बसवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण दारू पिऊन येणारा फिटरसुद्धा तो पाळायचा.

पत्र्याच्या खोलीत समई, ताम्हण, पेढ्यांचं ताट आणायला मामांनी आधी साफ नकार दिला. मग स्वतःच विचार करून म्हणाले, "मशीन बंद, चावी देवापुढं. मग समई असली काय आन् नसली काय." त्यांनी सदरा वर केला, गाठ सोडली आणि वर्षभर दुसऱ्याच्या हाती न दिलेली चावी पाटावर ठेवली. तिच्याशेजारी डब्यातला चष्मा ठेवला. चावीला कुंकू लावलं, चष्म्याच्या दोन्ही काचांना लावलं आणि हात जोडून बराच वेळ उभे राहिले.

"हत्यार हाय माझं," मला म्हणाले. "आजचा दिस हिला सुट्टी. आज हिला कोण हात लावतंय?"

त्यांची चूक एवढीच. माणसं देवाला तरी भितील असं त्यांना वाटलं.

पूजा झाली. मशीनच्या टेबलावर ताम्हण, त्यात नारळ, वरून माळांचे झुबके, बटणांची पाटी फुलांखाली दिसेनाशी झालेली. मामा चुरमुरे-बत्ताशांचं ताट घेऊन लेथच्या रांगेत प्रसाद वाटायला गेले. तेवढ्यात पुण्याहून कुणी बडे पाहुणे उशिरा येऊन पोचले, आणि मॅनेजरसाहेबांना त्यांच्यापुढे मशीन चालवून दाखवायची हुक्की आली.

"चावी कुठाय रे त्याची?" त्यांनी मला विचारलं.

मी बोललो नाही. पण माझी नजर पाटाकडे गेली, आणि साहेबांची माझ्या नजरेमागोमाग.

त्यांनी चावी उचलली. कुंकू धोतराला पुसावं तसं पँटला पुसलं. खोलीच्या दाराला सुरक्षेचं एक बटण होतं. दार उघडं असलं की ते सुटायचं आणि मशीन चालायचंच नाही. पाहुण्यांना तर उघड्या दारातून बघायचं होतं. साहेबांनी कलशाचा लाल दोरा सोडवला आणि ते बटण दाबून दोऱ्यानं बांधायला घेतलं. एका हातानं गाठ बसेना.

"जरा बोट ठेव इथं," मला म्हणाले.

मी बोट ठेवलं. पार्सल बांधताना आपण गाठीवर बोट धरतो ना, तसंच. इतकं साधं काम होतं ते. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत मी ते बोट किती वेळा साबणानं धुतलं असेल, याचा हिशेब नाही.

दारात गर्दी जमली. चष्मा कुणालाच नव्हता. साहेबांनी माळांखाली हात घालून चावी लावली, मशीन सुरू झालं, टक, टक, टक असा आवाज यायला लागला. दिसत काहीच नव्हतं. पाहुणे म्हणाले, "एवढंच?" आणि त्याच वेळी दाराच्या बाजूला लोंबणाऱ्या माळेतल्या एका झेंडूच्या फुलातून धुराची बारीक रेघ निघाली. समोर ताम्हणाची कड लखलखत होती. कुणाला काही उमजेना. एकजण तर "देव पावला" म्हणून हसला.

लेथच्या रांगेत मामांनी तो आवाज ऐकला. ताट पडल्याचा खणखणाट झाला आणि मागोमाग हाक आली.

"डोळं मिटा! भित्तीकडं तोंड!"

आम्ही सगळे वळलो. मी वळलो, साहेब वळले, आमचं बघून पाहुणेही वळले. डोळे घट्ट मिटलेले, कानांत फक्त टक, टक आणि जवळ येणारी धावती पावलं. मग फुलं ओरबाडल्याचा आवाज. चावी काय आणि बंद करायचं लाल बटण काय, सगळं माळांखाली कुठेतरी गाडलं गेलं होतं आणि ते डोळे मिटून सापडण्यासारखं नव्हतं. त्या गर्दीत एकच माणूस डोळे उघडे ठेवून त्या ताम्हणासमोर उभा होता, आणि त्याच्याकडे कामाचा डोळा एकच होता. त्याचा चष्मा मागे पाटावर होता, काचांना कुंकू लावलेला.

टकटक थांबली.

"उघडा," मामा म्हणाले.

ते मशीनला टेकून उभे होते. बोटांत झेंडूच्या पाकळ्या होत्या. मी विचारलं, "मामा, लागलं का? दुखतंय?"

"दुखत न्हाय," ते म्हणाले. मग छताच्या दिव्याकडे बघितलं, मान हलवली, पुन्हा बघितलं. "भावसाब, ह्यो दिवा मधनं काळा का दिसाय लागलाय?"

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जळाला आहे, त्याला औषध नाही. बाजूचं अंधुक दिसत राहील. जिथे रोखून बघावं तिथे काळा डाग. भावसाब म्हणून मला हाक मारणारा तो माणूस आता अक्षर वाचू शकणार नव्हता.

इथून पुढचं लिहिताना मला स्वतःची जी घाण वाटते ती लपवणार नाही.

वर कागद पाठवायला हवे होते, म्हणून चौकशी झाली. मॅनेजरसाहेब खुर्चीत, मी टेबलाशी, आणि एकेक कामगार येऊन जबानी देत होता. चावी कुणी लावली? "आमचं डोळं मिटल्यालं हुतं सायेब." दोरा कुणी बांधला? "डोळं मिटल्यालं हुतं." एकजात सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि साहेब प्रत्येक वेळी मान डोलावत होते. खोटंही म्हणता येईना. डोळे खरंच मिटलेले होते, पण हाक आल्यावर. त्याच्या आधी सगळ्यांचे डोळे टक्क उघडे होते, पेढा खात बघत होते. मामांनी त्यांना वाचवण्यासाठी शिकवलेली गोष्ट त्या लोकांनी मामांच्याच विरुद्ध वापरली. मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, शेवटी माझी जबानी लिहिली. माझेही डोळे मिटले होते.

नोकरी जायची भीती वाटत होती, एवढंच कारण. दुसरं शोधून सापडलं नाही.

शेवटचा कागद मामांच्या नावाचा होता. ते उजेड लागू नये म्हणून काळ्या चष्म्याऐवजी डोक्याचा रुमाल पुढे ओढून आले होते. साहेबांनी सांगून माझ्याकडून लिहून घेतलेल्या मजकुरात मधोमध एक ओळ होती: 'मशीनची चावी मी निष्काळजीपणाने उघड्यावर टाकून गेलो, त्यामुळे हा प्रकार घडला.'

"भावसाब, वाचून दावा," मामा म्हणाले. "तुमी वाचला की झालं."

साहेब माझ्याकडे बघत होते. मी वाचायला लागलो. पूजा, प्रसाद, पाहुणे, मशीन बंद केलं, डोळ्याला इजा झाली. ती एक ओळ मी गाळली. मामांनी ऐकून मान हलवली आणि पेन मागितलं. सही कुठे करायची ते त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांचा हात धरून कागदावर नेमक्या जागी ठेवला. हात कोरडा आणि जड होता. त्यांनी सही केली, वळणदार, नेहमीसारखी.

त्या ओळीवरच त्यांना घरी बसवलं. महिन्याभरात शेडच्या भिंतीवर पुन्हा पिचकाऱ्या दिसायला लागल्या आणि पुढच्या दसऱ्याला मॅनेजरसाहेबांनी सुरक्षिततेवर भाषण केलं. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. ओकारी आल्यासारखं होत होतं आणि टाळ्याही वाजवत होतो. दोन्ही एकदम करता येतं माणसाला, हे तेव्हा कळलं.

मामा आता नाहीत. ते गेले त्याच्या आधी एकदाच, बऱ्याच वर्षांनी, मी कोडोलीला गेलो. एसटीत बसून काय बोलायचं ते मनात दहादा घोकलं होतं. ते ओसरीवर सूप घेऊन बसले होते, शेंगा चाचपून पोकळ तेवढ्या बाजूला काढत होते. माझा आवाज त्यांनी पहिल्या शब्दाला ओळखला.

"भावसाब! या की. बसा, न्हाय, हिकडं नगं, तिकडं कडंला बसा. सरळ बघितलं की माणसाचं तोंडच जातंय. बाजूनं बघितलं तर जरा कळतंय."

त्यांनी मान दुसरीकडे वळवली, गोठ्याकडे बघत असल्यासारखी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला निरखलं. "केस पिकलं की तुमचं," असं म्हणून हसले. आतून चहा आला. तिथेही कपाला बोट लावून बघितल्याशिवाय त्यांनी तो मला घेऊ दिला नाही, म्हणाले, "कड लई चरचरीत हाय, बेतानं." गोठ्याकडे तोंड ठेवूनच ते माझ्या मुलांची चौकशी करत राहिले. माझ्याशी बोलायचं म्हणून, मी दिसावा म्हणून, मान वाकडी करून बसले होते.

मग मी सांगितलं. पाटाकडे गेलेली नजर, गाठीवर धरलेलं बोट, गाळलेली ओळ. सगळं एका दमात.

सुपातला हात थांबला.

"ठावं हाय," ते म्हणाले. "वाचताना मधीच आवंढा गिळलासा. तवाच कळलं, काय तरी खाल्लंसा म्हणून."

"मग सही का केलीत मामा?"

'किळस येती मला तुमची' हे त्यांचं नेहमीचं वाक्य येईल म्हणून मी थांबलो होतो. ते यावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, मान हळूहळू गोठ्याकडून फिरवली आणि माझ्याकडे सरळ, माझं तोंड जाईल असं रोखून बघितलं.